फॉरमॅट मारायच्या आधी

मंडळी, बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. आळस हे एक कारण आहेच, पण खरं कारण आमचा डेस्कटॉप. २०२५च्या मार्चपासून तो मध्येच गोठायला लागला. पडद्यावर असेल ते तसंच राहायचं, माऊसचा बाण जागच्या जागी, आणि बटण दाबून धरून बंद करण्यावाचून इलाज नाही. कधी दिवसातून तीनदा, कधी चार-चार दिवस एकदाही नाही. दुकानात नेला की मात्र शहाण्यासारखा चालायचा. वर्गात दंगा करणारी आणि साहेब तपासणीला आले की हाताची घडी घालून बसणारी पोरं मी पस्तीस वर्षं पाहिली आहेत, त्यातलाच हा प्रकार.

दुकानातला मुलगा माझाच विद्यार्थी. म्हणाला, "सर, व्हायरस असेल. फॉरमॅट मारून टाकू. नाहीतर नवीनच घ्या ना, विंडोज १० तसंही ऑक्टोबरात बंद होतंय."

आता हे शेवटचं वाक्य अर्धंच खरं. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला थांबवला. म्हणजे नेहमीच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं थांबलं. त्या दिवशी कोणाचा संगणक बंद पडला नाही. आणि त्याचा माझ्या मार्चमधल्या गोठण्याशी काय संबंध? पोट दुखतंय म्हणून गेलो तर चष्मा बदला म्हणण्यासारखं झालं.

पण मी फॉरमॅटला नाही म्हटलं ते वेगळ्याच कारणाने. आमची ही २०१९ साली गेली. त्याआधी तिने जात्यावरच्या ओव्या मोबाईलवर म्हणून ठेवल्या होत्या, लहान-मोठे ४३ तुकडे. ते सगळे या एकाच डब्यात. दुसरीकडे उतरवून ठेवीन म्हणता म्हणता राहून गेलं. (हसू नका. तुमच्यापैकी कितीजणांनी उतरवून ठेवलंय?) फॉरमॅटने आधी हे जाणार आणि वर बिघाडाचा मागही पुसला जाणार. दोष यंत्रातल्या एखाद्या भागात असेल तर फॉरमॅटनंतरही संगणक गोठणारच.

म्हणून पहिलं काम, सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवलं. दुसरं, दोनशे पानी वही घेतली. तारीख, वेळ, काय चालू होतं, पंखा किती ओरडत होता, लाईट कशी होती, आणि कॅप्सलॉक दाबल्यावर कीबोर्डवरचा दिवा लागतो का. ही शेवटची खूण नातवाने फोनवर सांगितली. दिवा लागत-विझत असेल तर यंत्र आत कुठेतरी जागं आहे, एखादा प्रोग्राम अडकलाय. दिवाही ढिम्म असेल तर गोष्ट खोल आहे. आमचा ढिम्म.

नंतर माझं चुकलं. भाच्याने येऊन डबा उघडला. आमच्या निमगावात गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांची धूळ घरात येतेच. प्रोसेसरच्या पंख्यावर नमद्यासारखा थर. तो साफ केला, आणि त्याच दिवशी नवा यूपीएसही जोडला. नऊ दिवस गोठला नाही. दहाव्या दिवशी पहाटे सहाला, गारव्यात, गोठला! बरं, नऊ दिवस बरे गेले ते धूळ काढल्यामुळे, यूपीएसमुळे की नुसत्या योगायोगाने? सांगता येईना, कारण दोन गोष्टी एकदम बदलल्या होत्या. विद्यार्थ्याने गणितात दोन पायऱ्या एकदम केल्या की मी गुण कापत असे.

मध्यंतरी दुकानातल्या मुलाने विंडोजच्या नोंदवहीत 'कर्नल पॉवर ४१' अशी लाल नोंद दाखवली आणि एसएमपीएस बदला म्हणाला. नातू म्हणाला, आजोबा, ती नोंद फक्त एवढंच सांगते की संगणक नीट बंद न होता पुन्हा सुरू झाला. बटण दाबून धरून तो मीच बंद करत होतो, म्हणजे ती लाल खूण माझीच!

मग एका वेळी एकच बदल. रॅमच्या चार-चार जीबीच्या दोन पट्ट्या होत्या. वायर काढून, डब्याच्या उघड्या पत्र्याला हात लावून, एक पट्टी बाहेर काढली. पहिलीवर आठ दिवस चालवला, एकदाही गोठला नाही. दुसरीवर, त्याच खाचेत, दुसऱ्याच दिवशी गोठला. तिचे सोनेरी दात शाळेतल्या खोडरबराने घासले (हा उपाय बरेच दुरुस्तीवाले करतात), तरी गोठला. शेजारच्या खाचेत लावली, तिथेही गोठला. म्हणजे खाच निर्दोष, पट्टी सदोष. यात माझं कौशल्य काही नाही, वेळ मात्र भरपूर गेला. दुकानातल्या मुलाकडे तेवढा वेळ नसतो, हे मला मान्य आहे. पण मग 'नक्की माहीत नाही सर' असं म्हणावं. फॉरमॅट हे त्या वाक्याचं सोंग आहे.

आता उरलेल्या चार जीबीवर रखडत का होईना, पण चालू आहे.

एक गोष्ट मात्र उशिरा कळली. रॅम खराब असताना केलेली नक्कल शुद्ध असेलच असं नाही. फाईल त्या पट्टीतूनच जाते. ४३ पैकी ४१ तुकडे मी शेवटपर्यंत ऐकले, ठीक आहेत. दोन उघडत नाहीत, मूळ जागेवरही नाहीत आणि बाहेरच्या डिस्कवरही नाहीत. त्यातली एक भावाची ओवी आहे, ती कोणती हे घरातल्यांना कळेल.

तिचा जुना नोकिया कपाटात सापडलाय, पण चार्जर नाही. बारीक गोल पिनेचा चार्जर कोणाच्या घरी पडून असेल तर कृपया फोन करा, मी घ्यायला येतो.