बंदुकीचा छंद आणि गावाचे गायरान

नेमबाजीचा शौक असणाऱ्याने त्यासाठी खेड्यात जमीन विकत घ्यावी, की सरकारी जमिनीवर जाऊन बार काढावेत, हा अमेरिकेसारख्या देशात हौशी मंडळींच्या गप्पांचा विषय असतो. तेथील केंद्र सरकारच्या भूव्यवस्थापन खात्याकडे सुमारे चोवीस कोटी एकर जमीन आहे आणि जेथे स्पष्ट मनाई नाही तेथे नागरिकाला आपली बंदूक घेऊन जाता येते. वर्धा जिल्ह्याचे सारे क्षेत्रफळ ६,३०९ चौरस किलोमीटर, म्हणजे जेमतेम साडेपंधरा लाख एकर; २०११ च्या जनगणनेनुसार त्यावर तेरा लाख माणसे राहतात. त्यांची गुरेढोरे, शेळ्या-मेंढ्या वेगळ्या. येथे मोकळा दिसणारा जमिनीचा प्रत्येक तुकडा कोणाच्या तरी चराईचा, सरपणाचा, वाटेचा किंवा मसणवटीचा असतो. तरीही हा प्रश्न आता या जिल्ह्याच्या वेशीपर्यंत येऊन पोहोचला आहे आणि समाजवादी कार्यकर्त्याने त्याकडे श्रीमंतांची चैन म्हणून दुर्लक्ष करणे योग्य होणार नाही.

तो येथवर कसा आला, याची कारणे उघड आहेत. नागपूर फार दूर नाही. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा खुला झाल्यापासून ते अधिकच जवळ आले. बोर अभयारण्याला २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला आणि जंगलाच्या कडेच्या शेतजमिनीकडे शहरातला पैसा वेगळ्या नजरेने पाहू लागला. शेतघर झाले की त्याच्या पाठोपाठ करमणुकीची साधने येतात, आणि बंदूक हे त्यांपैकी एक. दुसरीकडे रानडुकरे आणि रोही यांनी शेतकऱ्याला जेरीस आणले असल्यामुळे, ‘आम्ही येतो, डुकरे मारून देतो’ असे म्हणणाऱ्या परवानाधारकाला गावात चहाही मिळतो.

या जिल्ह्याला हौशी बंदूक नवी नाही. मध्य प्रांताच्या काळात राखीव जंगलांचे शिकारीसाठी ब्लॉक पाडलेले असत. फी भरून, परवाना काढून साहेबाने ठरावीक मुदतीत तेथे शिकार करावी, अशी व्यवस्था होती. १९३५ साली मध्य प्रांताचा शिकारविषयक स्वतंत्र कायदाही झाला. जंगल सरकारचे आणि गाव मालगुजाराचे. त्यामुळे बंदूकवाल्याला जागेची अडचण कधी पडलीच नाही. साहेब जंगलात जाई, मालगुजार आपल्या महालात पाहुण्यांना बोलावी. हाक्याला माणसे मात्र गावातली लागत. झुडपांतून ओरडत, डबे बडवत जनावर मचाणाकडे रेटायचे, ते उलटले तर पोट फाडून घ्यायचे आणि संध्याकाळी हातावर पडतील ते पैसे घेऊन घरी जायचे.

याच काळात फासेपारधी हे नाव १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या छायेत आले. तितर-बटेर, ससा, हरिण यांवर फासा टाकून पोट भरणारा माणूस जन्मतः गुन्हेगार ठरला आणि तेच हरिण केवळ मौजेखातर मारणारा सद्गृहस्थ ठरला. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, परंतु पारध्याच्या बेड्यावर आजही पोलिसांची पहिली धाड पडते. जमिनीचा हक्क आणि शिकारीचा हक्क एकाच हातात गेला म्हणजे काय घडते, याचे याहून लखलखीत उदाहरण शोधण्यास विदर्भाबाहेर जाण्याची गरज नाही.

३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली. गावची पडीत जमीन, झुडपी जंगल, चराईचे रान, तळी ही सारी शासनाकडे आली. मालगुजाराकडे घरची सीर आणि खुदकास्त राहिली, ती पुढे बऱ्याच ठिकाणी कमाल जमीनधारणा कायद्याला चकवा देत वाटून ठेवली गेली, तो इतिहास निराळा. शिकारीच्या बाबतीत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मोठा फरक पडला. मूळ कायद्यात परवान्यावर शिकारीची सोय होती. १९९१ च्या दुरुस्तीने तीही गेली. आज करमणूक म्हणून वन्य प्राण्याची शिकार करणे हा भारतात कोठेही, स्वतःच्या सातबाऱ्यावरच्या शेतातसुद्धा, गुन्हा आहे. जमीन विकत घेऊन शिकारीचा हक्क विकत घेता येत नाही, हे हौशी मंडळींनी आणि त्यांना जमीन दाखवत फिरणाऱ्या दलालांनीही समजून घ्यावे. उरते ती केवळ निशाणबाजी, म्हणजे मातीच्या तबकड्यांवर किंवा कागदी लक्ष्यावर नेम धरण्याचा खेळ. त्यालाही १९५९ च्या शस्त्र कायद्याची आणि २०१६ च्या शस्त्र नियमांची चौकट आहे. क्लब वा रेंज चालवायची तर परवाना लागतो.

आता जमीन विकत घेण्याचा मार्ग पाहू. ‘ज्याला शौक आहे त्याने स्वतःच्या पैशाने जमीन घ्यावी, म्हणजे सार्वजनिक जागेवर भार पडत नाही,’ हा युक्तिवाद वरवर सरळ वाटतो. विदर्भाच्या १९५८ च्या कूळवहिवाट कायद्याचे कलम ८९ शेतकरी नसलेल्याकडे शेतजमीन जाऊ देत नाही. कसणाऱ्याच्या हाती जमीन राहावी यासाठी ते घातले गेले, आणि त्यामागे पिढ्यान् पिढ्यांचा कुळांचा लढा होता. पळवाटा आहेत हे खरे. कोठल्या तरी लांबच्या गावी दोन एकर दाखवून शेतकरी होता येते. १९९४ च्या दुरुस्तीने औद्योगिक वापराच्या नावाखाली दार किलकिले केले आणि अधिसूचित ठिकाणच्या पर्यटनालाही त्यात जागा दिली.

पण कायदा बाजूला ठेवला तरी प्रश्न उरतो तो विकणाऱ्याचा. २००५ च्या अखेरीस याच जिल्ह्यातील डोरली गावाने ‘गाव विकणे आहे’ अशी पाटी लावली होती. कापसाचा भाव, सावकाराचे देणे आणि बँकेची नोटीस यांनी पिचलेल्या गावाचा तो आक्रोश होता. पुढच्याच वर्षी पंतप्रधानांच्या पॅकेजमध्ये विदर्भातील जे सहा आत्महत्याग्रस्त जिल्हे आले त्यांत वर्धा होता. अशा जिल्ह्यात जमिनीचा व्यवहार दोन समान पक्षांत होतो, असे म्हणणाऱ्याने एकदा दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसलेल्या शेतकऱ्याचा चेहरा पाहावा. मुलीचे लग्न, आजारपण किंवा बुडालेली विहीर या कारणांनी तो सही करतो. त्याच्या शेतावर पुढे सोयाबीन होणार की गोळीबार, हे विचारण्याची ताकद त्याच्यात उरलेली नसते.

शिवाय एका शेताचा व्यवहार त्या शेतापुरता राहत नाही. कुंपण पडले की पांदण अडते, नाल्यावर जाणारी गुरांची वाट बंद होते. बार वाजू लागले की शेजारच्या शेतात निंदणाला बाया येत नाहीत. इंग्लंडात १६७१ च्या कायद्याने शिकारीचा हक्क वर्षाला शंभर पौंडांचे स्वतःचे जमीन-उत्पन्न असणाऱ्यापुरता ठेवला होता आणि दीडशे वर्षांहून अधिक काळ गरिबाने स्वतःच्या बांधावर ससा धरणे हाही अपराध होता. मालकीची ही मग्रुरी तेथे विसाव्या शतकापर्यंत टिकली. ग्राऊस नावाच्या रानपक्ष्याच्या शिकारीसाठी राखून ठेवलेल्या किंडर स्काऊटच्या माळावर २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टरकडील तरुण कामगार शेकडोंनी चालून गेले, ते केवळ चालण्याचा हक्क मागण्यासाठी. त्यांतील पाच जणांना तुरुंगात जावे लागले. १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्याने आणि मोकळ्या रानात जाण्याचा कायदा झाला, त्यामागे त्या दिवसाची पुण्याई आहे.

मग सार्वजनिक जमीन वापरावी काय? येथे समाजवाद्यांचीच फसगत होण्याचा संभव अधिक. सार्वजनिक म्हटले की ते आपोआप लोकांचे झाले, अशी एक भाबडी समजूत आपल्यात आहे. महसूल खात्याच्या भाषेत जी ‘पडीत’, ती गावाच्या भाषेत गायरान, ई-क्लास, झुडपी. जमीन महसूल संहितेतील निस्तारपत्रकाचे प्रकरण केवळ विदर्भाला लागू आहे. कलम १६१ अन्वये प्रत्येक गावच्या अनधिवासित जमिनीवर चराई, सरपण, मुरूम, माती यांबाबत गावकऱ्यांना काय मिळावे, याची नोंद जिल्हाधिकाऱ्याने ठेवायची असते. कलम १६५ चे वाजिब-उल-अर्ज त्याच्याही पुढे जाते: खाजगी जमिनीतून जाणारी वहिवाटीची वाट, पाण्याचा वापर, मासेमारी यांच्या गावरूढी त्यात लिहिलेल्या असतात. म्हणजे शेत विकले गेले तरी त्यातली वाट विकली जात नाही. जानेवारी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावच्या सामायिक जमिनी बळकावणाऱ्यांना हटवण्याचा आदेश सर्व राज्यांना दिला. महाराष्ट्राच्या संहितेत त्यानंतर कलम २२अ घातले गेले. गायरान अन्य कामासाठी वळवण्यास ते, शासनाच्या सार्वजनिक प्रयोजनाचा अपवाद सोडून, मनाई करते. या अपवादावरच डोळा ठेवला जातो. क्रीडेच्या नावाने एखादी संस्था उभी राहते, नाममात्र भाड्याने जमीन मागते, आणि तीन वर्षांनी तेथे फाटक, पहारेकरी व सभासदत्वाची फी दिसू लागते.

यात एक बाब अशी आहे की जिचा विचार जमिनीच्या वादात सहसा होत नाही. उडत्या तबकडीवर नेम धरण्याच्या खेळात एका काडतुसात सुमारे २४ ग्रॅम शिशाचे छर्रे असतात. पंचवीस बारांच्या एका फेरीत ६०० ग्रॅम शिसे जमिनीवर सांडते. दहा जणांनी दिवसभरात चार-चार फेऱ्या केल्या तर २४ किलो. हे छर्रे दूरवर विखुरतात, वेचले जात नाहीत, पावसाने नाल्यात उतरतात. युरोपीय संघाने पाणथळ जागांत शिशाचे छर्रे वापरण्यावर फेब्रुवारी २०२३ पासून बंदी घातली. ज्या गायरानात पावसाळ्यात साऱ्या गावाची जनावरे तोंड लावतात तेथे हे विष पेरायचे काय, याचे उत्तर क्लबाच्या अर्जासोबत मागितले पाहिजे.

शेतकऱ्याच्या बाजूने येणारा आक्षेप मात्र हलका समजून चालणार नाही. आर्वी, आष्टी, कारंजा, सेलू भागांत तुरीला शेंगा धरल्या की घरोघरची माणसे जागलीला जातात. एका रात्रीत डुकरांचा कळप एकरभर भुईमूग उकरून टाकतो. पंचनामा होईपर्यंत दुसरा कळप येतो. अशा शेतकऱ्याला अहिंसेचे प्रवचन देणे, सेवाग्रामच्या जिल्ह्यात झाले तरी, क्रूरपणाचे आहे. तो मग कुंपणात वीज सोडतो. ऑक्टोबर २०१७ मध्ये कारंजा तालुक्यातील सिंदीविहिरी शिवारात, जिला ठार करण्याचा आदेश निघाला होता ती वाघीण गोळीने मेली नाही; शेताच्या तारेत सोडलेल्या विजेने मेली. त्याच तारेला कधी एखादा शेतमजूरही चिकटतो. पिकाचे नुकसान करणारे जनावर मारण्याची परवानगी देण्याची तरतूद कायद्यात आहे. ते काम करावे लागले तर वनखात्याच्या पगारी, प्रशिक्षित आणि जबाबदार माणसांनी करावे. २०१६ मध्ये बिहारमधील मोकामा येथे बाहेरून आणलेल्या बंदूकबाजांनी दोनशेहून अधिक रोही मारले, त्यावरून केंद्राच्या दोन मंत्र्यांत वाद रंगला, आणि शेतकऱ्याचे गाऱ्हाणे त्या गोंगाटात हरवले. ज्याला बार काढण्यात मौज वाटते त्याच्या हाती शेतकऱ्याचे रक्षण सोपवले की तो पिकाच्या वेळेला येत नाही, आपल्या सुटीच्या दिवशी येतो.

याचा अर्थ नेमबाजी हा खेळच त्याज्य आहे असा नव्हे. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसाळे हा राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा. त्याच्या घरी खाजगी रेंज नव्हती, शेतघर नव्हते. तो राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकला आणि मध्य रेल्वेच्या नोकरीने त्याला आधार दिला. या खेळाच्या १० मीटर प्रकाराला तर गायरानही लागत नाही आणि शेतही लागत नाही. शाळेचा एक लांबट वर्ग, मागे भक्कम भिंत आणि जनतेच्या पैशातून घेतलेल्या चार एअर रायफली पुरतात. मोठ्या बंदुकीसाठी पोलीस दलाची सराव-मैदाने आहेतच. तेथे आज ना गुरे चरतात ना कोणाची वहिवाट आहे. आठवड्यातले ठरावीक दिवस, देखरेखीखाली, नाममात्र शुल्कात ती नागरिकांना आणि विशेषतः खेड्यातील मुलामुलींना खुली करणे, जिल्हा क्रीडा संकुलात सार्वजनिक रेंज बांधणे, या मागण्या पक्षाने उघडपणे केल्या पाहिजेत. हौशी श्रीमंतांनाही तेथे मज्जाव नको. त्यांनी रांगेत उभे राहावे, इतकेच.

गायरानाच्या बाबतीत पक्षाचे आपले वर्तनही तपासण्यासारखे आहे. भूमिहीनांच्या अतिक्रमणांसाठी मोर्चे निघाले, ते योग्यच होते. परंतु उरलेल्या गायरानाचे काय होत आहे, याची चौकशी करण्याचे काम कोणी अंगावर घेतले नाही. १९५१ मध्ये भूदान सुरू करणाऱ्या पवनारच्या विनोबांच्या जिल्ह्यात आपल्या गावचे निस्तारपत्रक एकदाही न पाहिलेले कार्यकर्ते बरेच निघतील. तलाठ्याकडे ते नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात असते, आणि अर्ज करून त्याची नक्कल मिळवता येते. येत्या ग्रामसभेपूर्वी प्रत्येक शाखेने आपल्या गावची नक्कल काढावी, त्यातील गट क्रमांक प्रत्यक्ष रानाशी ताडून पाहावेत, कोठे कुंपण पडले आहे ते लिहून घ्यावे आणि ते वाचन सभेच्या विषयपत्रिकेवर घेण्याचे पत्र ग्रामसेवकाकडे देऊन पोच घ्यावी.