ओवाळणं नको, तंबू हवा

बारा वर्षं मी शाळेतल्या गाइड पथकाची कॅप्टन आहे, बिनपगारी. १९०९ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या स्काउट मेळाव्याला काही मुली न बोलावता गेल्या, आम्हालाही हे हवं म्हणाल्या. १९१० मध्ये गाइड चळवळ सुरू झाली. आमच्याकडे मात्र मेळाव्यात स्काउट तंबू ठोकतात, गाइड पाहुण्यांना ओवाळतात. गाठी मारायला दोघंही शिकलेले! गेल्या वर्षी मी नकार दिला. तंबू मुलींनी उभारला, भाकऱ्या मुलांनी थापल्या. ‘मुली रात्री बाहेर?’ म्हणणाऱ्या आयांनाच मुक्कामाला नेलं. मैत्रिणींनो, तुमच्या गावच्या मेळाव्याला जा आणि बघा, तबक कुणाच्या हातात आहे, हातोडा कुणाच्या. मग आयोजकांना जाब विचारा.