कुपीतला ऊस आणि तिशीतला विद्यार्थी

निरा डाव्या कालव्याला १८८५ साली पाणी आले आणि बारामतीच्या दुष्काळी माळावर ऊस डोलू लागला. त्या पाण्याने संपत्ती आणली, तसा खारही आणला. बारामती-इंदापूरकडील कित्येक काळ्याभोर जमिनी चोपण होऊन बसल्या. अशा जमिनीत तग धरणारा ‘फुले २६५’ हा ऊस पाडेगावच्या संशोधन केंद्राने दिला. मे २०२५ मध्ये तर खार व अवर्षण सोसणारा, जनुकसंपादनाने सिद्ध केलेला ‘पुसा डीएसटी-१’ हा भात दिल्लीत जाहीर झाला. जैवतंत्रज्ञान ही आता दूरच्या शहरातील पंडितांची मिरास राहिलेली नाही. तिचा संबंध आमच्या बांधाशी आहे.

म्हणूनच डी.एड. होऊन शिक्षकभरतीची वाट पाहात तिशी गाठलेला तरुण, वालचंदनगरचा फिटर किंवा पतपेढीतील कारकून जेव्हा विचारतो की, ‘मला ह्या संशोधनात शिरता येईल काय?’ तेव्हा त्याची थट्टा करण्याचे कारण नाही. परंतु त्याला खोटी आशा दाखविणे हे थट्टेहूनही वाईट होय. सहा महिन्यांच्या प्रमाणपत्राने कोणी संशोधक होत नाही. आम्ही पूर्वी शाळेत मास्तरकी केली आहे. पाटीवर मुळाक्षरे उमटली म्हणून मुलगा ग्रंथकार झाला असे पालकास सांगण्याचे धैर्य आम्हांस कधी झाले नाही.

मग अशा शिक्षणाने मिळते काय? मिळतो तो कसबी हात, आणि त्याची किंमत थोडी समजू नये. उसाच्या शेंड्याच्या गाभ्यातील इवलासा कोंब निर्जंतुक हवेच्या झोतात कापावयाचा, १२१ अंश उष्णतेच्या वाफेत शुद्ध केलेल्या पोषकद्रव्यावर ठेवावयाचा, त्याचे पुन्हापुन्हा विभाजन करावयाचे, आणि रोपे बाहेरच्या उन्हावाऱ्याला हळूहळू सरावली म्हणजे शेतात धाडावयाची. हात किंचित चुकला की कुपीत बुरशी माजते. इंदापूरच्या द्राक्षबागांत घडांची विरळणी करणाऱ्या आमच्या भगिनींची बोटे ह्या कामाला कमी पडतील असे आम्हांस वाटत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत १९९० साली बांबूला कुपीतच फुले आणल्याचे जगाने वाचले. लेखावर नावे शास्त्रज्ञांची असतात आणि ती योग्यच आहेत. पण असे प्रयोग वर्षानुवर्षे चालतात ते कुपी निर्मळ राखणाऱ्या हातांवरही.

दोष आहे तो पुढच्या पायरीचा. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ साली सामुदायिक महाविद्यालयांची योजना काढली. २०२१ साली श्रेयांक-पेढीचे नियमही झाले. कागदावर प्रमाणपत्रातून पदविकेत आणि पदविकेतून पदवीत जाण्याची वाट मोकळी आहे. प्रत्यक्षात पहिल्या पायरीवर चढलेला माणूस बहुधा तेथेच उभा राहतो. घरी दोन मुले, डोक्यावर सोसायटीचे कर्ज. तो रोजगार सोडून तीन वर्षे दिवसा वर्गात बसणार कसा? पदवी मिळवलीच, तर पुढे संशोधनवृत्तीला वयाची अट आडवी येते. बावीस वर्षांच्या अविवाहित मुलाला डोळ्यांपुढे ठेवून बेतलेले हे अंगरखे पस्तिशीच्या गृहस्थाला आवळणारच.

साधने मात्र आमच्या दारी आहेत. माळेगाव खुर्दला २००९ साली स्थापन झालेली अजैविक ताण व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था खार आणि अवर्षण ह्यांवरच काम करते. त्याच परिसरात कृषि विज्ञान केंद्र आहे. बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय आणि विद्या प्रतिष्ठान आहे, इंदापुरातही महाविद्यालय आहे. ह्या सर्वांनी एकत्र बसून ठरवावे की, प्रौढ शिकाऱ्याला प्रात्यक्षिकाचे काम राष्ट्रीय संस्थेत वेतनासह मिळेल, त्याचे श्रेयांक महाविद्यालय मानील, आणि प्रकल्प-साहाय्यक नेमताना अशा अनुभवी पदविकाधारकाचा अर्ज न वाचता बाजूला पडणार नाही. वयाची अट शिथिल करणे सरकारचे काम आहे व ते त्याने करावे. वर्ग मात्र सायंकाळी भरले पाहिजेत. फक्त इंदापूरकडे परतणाऱ्याची शेवटची एस.टी. चुकणार नाही, एवढे घड्याळ सांभाळावे.