मान जाड झाली की चरबी कमी होते का?

अजिबात नाही! पण अमेरिकी लष्कराच्या जुन्या टेप चाचणीत नेमके तेच व्हायचे. पुरुषाच्या पोटाच्या घेरातून मानेचा घेर वजा करायचा, उंची धरायची आणि सूत्राने शरीरातील चरबीची टक्केवारी काढायची. उंची ७० इंच, पोट ३८, मान १६ असेल तर उत्तर येते २३ टक्के. २१ ते २७ वयासाठी मर्यादा २२, म्हणजे नापास. पोट तेवढेच, पण मान १७ इंच? २१ टक्के, पास! २०२३ मध्ये लष्कराने मान वगळून नाभीपाशीचा घेर आणि वजन यांवर आधारित नवी पद्धत आणली. तरी तोही अंदाजच. टेप चाळणीपुरता ठीक आहे. केवळ त्यावरून कुणाची नोकरी घालवणे हा अन्याय आहे.