घोडी खट्याळ की खोगीर खट्याळ?



नुसती जागा भरायला निकामी माणसं किंवा वस्तू गोळा केल्या, की आपण त्याला 'खोगीरभरती' म्हणतो. शब्द रोजच्या बोलण्यातला, पण खोगीर जवळून पाहिलेली माणसं आता गावात मोजकीच. खोगीर म्हणजे घोड्याच्या पाठीवर घालायची गादी. तिच्यात चिंध्या, जुनेर, गवत, जे हाताला येईल ते कोंबायचं. वरून गादी झकास दिसे. आत काय भरलंय ते घोड्याच्या पाठीलाच ठाऊक!

आज हे सांगायला निमित्त झालं आमच्या शेजारच्या तात्यांच्या घोडीचं. निफाड तालुक्यात गोदाकाठी त्यांचा मळा आहे, द्राक्ष आणि कांद्याचा. घोडी हौसेनं घेतलेली. पहिलं वर्ष बरं गेलं. मग मात्र खोगीर आणलेलं दिसलं की ती कान मागे टाकायची, तंग आवळताना चावायला यायची, आणि माणूस वर बसला की पाठीची कमान करून उसळायची. गावात बोभाटा झाला, घोडी खट्याळ निघाली. घरात ठरलं, येत्या मंगळवारी येवल्याच्या घोडेबाजारात नेऊन विकून टाकायची. नववीत शिकणारी नात दोन दिवस धड जेवली नाही.

तेवढ्यात तात्यांचे मेहुणे आले. येवल्याकडचे, उभा जन्म टांगा हाकण्यात गेलेला. त्यांनी घोडीच्या पाठीवरून हात फिरवला. मानेच्या मुळाशी जो उंचवटा असतो, तिथं बोटं टेकताच घोडीचं अंग थरारलं. पाठीला सूज होती आणि तिथले चार केस पांढरे झालेले. मामा म्हणाले, "दाजी, घोडी नका इकू. आधी हे खोगीर टाकून द्या."

मंडळी, बैलाच्या बाबतीत हे आपल्याला सांगावं लागत नाही. जू नीट बसलं नाही तर खांदा सुजतो, आणि सुजल्या खांद्याचा बैल जू बघूनच मान काढून घेतो. त्याला आपण आळशी म्हणत नाही, आधी खांदा बघतो. घोड्याच्या पाठीचंही तसंच. स्वाराचं वजन कण्यावर पडता कामा नये. कण्याच्या दोन्ही बाजूंना जे मांस आहे, त्यानं ते पेलायचं. म्हणून खोगिराला मधोमध पन्हाळीसारखी पोकळी हवी. भरती दबून चपटी झाली, की ही पोकळी बुजते आणि सगळा भार हाडावर येतो. मग पाठ लागते. मुकं जनावर बोलणार कसं? ते उसळून सांगतं.

मंगळवारी मंडळी येवल्याला गेली खरी, पण घोडी विकायला नाही. खोगीर तिच्या पाठीवर घालून बघायला. बाजारात मामांनी केलेली पारख सगळ्यांनी ध्यानात ठेवावी अशी आहे.

एक, खोगीर आधी उघड्या पाठीवर ठेवून बघायचं, खाली कापड न घालता. मागून वाकून पाहिलं तर मधल्या पोकळीतून आरपार उजेड दिसला पाहिजे. पुढच्या उंचवट्यावर दोन-तीन बोटं सहज शिरली पाहिजेत. खाली घोंगडं घालून वाईट खोगीर चांगलं होत नाही, उलट जास्त आवळतं.

दोन, तंग एकदम आवळायचा नाही. तंग ओढताना पुष्कळ घोडी पोट फुगवून धरतात. दहा पावलं चालवायचं, मग पुन्हा बघायचं. तंगाखाली दोन बोटं जातील इतकाच तो घट्ट असावा.

तीन, लगामाची लोखंडी कडी. घोड्याच्या पुढच्या दातांत आणि दाढांत जी मोकळी हिरडी असते, तिथं ती बसते. ओठाच्या कोपऱ्यात एखाद-दुसरी सुरकुती पडली म्हणजे माप बरोबर. थंडीत ती कडी आधी हातात धरून गरम करावी, मग तोंडात घालावी.

चार, रिकीब. हात लांब करून बोटं खोगिरात रिकिबीचा पट्टा अडकवतात तिथं टेकवली, की रिकीब बगलेपर्यंत यावी. हे ढोबळ माप. पायात टाचेचा बूट हवा, म्हणजे पाऊल आरपार जाऊन अडकत नाही. चप्पल घालून घोड्यावर बसू नये. आणि डोक्यावर घोडेस्वारीसाठी बनवलेलं हेल्मेट हवंच. नातीला तात्यांनी ते मागवून घेतलं.

रिकीब आज किरकोळ वाटते, पण माणसाला ती सुचायला फार काळ गेला. सांचीच्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिल्पांत स्वाराचा पाय टेकवायला नुसता पट्टा दिसतो. दोन्ही पायांच्या पक्क्या रिकिबी चीनमध्ये इसवी सनाच्या चौथ्या शतकात दिसू लागल्या. त्यानंतर स्वाराची मांड स्थिर झाली.

नवं खोगीर घरी आलं, तरी ते लगेच चढवलं नाही. जनावरांच्या डॉक्टरांना दाखवलं, पाठ पूर्ण बरी होऊ दिली. घोड्याला धनुर्वाताचा धोका फार, त्यामुळे पाठीला जखम असेल तर नुसती हळद लावून थांबू नये.

मग एका सकाळी घोडी बाहेर काढली. थंडीचे दिवस, पाटाच्या कडेची वाट, दोन्हीकडे द्राक्षांचे मांडव. खोगीर चढवताना तिनं कान मागे टाकले नाहीत, हीच पहिली खूण. नात वर बसली, मामा बाजूनं चालत होते. थोड्या वेळानं घोडीनं मान सैल सोडली, नाकानं फुरफुरली, आणि आपण होऊन दुडकी धरली. पोरीचं हसू काय वर्णावं! पुढं नांदूर मध्यमेश्वरच्या फुगवट्यावर पाखरांचा थवा एकदम उठला. रामसर यादीत आलेली महाराष्ट्रातली ही पहिली पाणथळ जागा, जानेवारी २०२० मध्ये हे जाहीर झालं. हिवाळ्यात इथं लांबलांबची पाखरं उतरतात. घोडी क्षणभर थबकली, कान टवकारले, पण उसळली नाही. नंतर माझीही पाळी आली. घोड्यावरून आपलंच शिवार वेगळं दिसतं. बांधापलीकडचं पीक दिसतं, आणि पायांखाली एक जिवंत ताल चालू असतो. घोडी सुखात असली की तो ताल अंगात उतरतो.

परत आल्यावर मामांनी खोगीर उतरवून पाठ बघितली. घाम दोन्ही बाजूंना सारखा आला होता. ओल्या पाठीवर मध्येच कोरडा डाग दिसला, तर तिथं दाब पडतोय असं समजावं.

देशात २०१२ च्या पशुगणनेत घोडी-तट्टं सव्वासहा लाख होती. २०१९ मध्ये ती तीन लाख चाळीस हजारांवर आली. जनावरं घटली, तशी ही हातची विद्याही घटली. भीमा-नीरेच्या खोऱ्यातल्या आपल्या भीमथडी घोड्याची देशी जात म्हणून अलीकडेच नोंद झाली, ही त्यातल्या त्यात आनंदाची गोष्ट. धनगर बांधवांनी बिऱ्हाड वाहायला ती सांभाळली म्हणून टिकली.

दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याला घोड्यांची मोठी यात्रा भरते. तिथं हौसेनं जनावर घेणार असाल, तर घोड्याचे दात बघाल, चाल बघाल, ते बघाच. पण पाठीवरून एकदा हळुवार हात फिरवा. आणि दावणीचं जनावर वाकडं वागू लागलं, मग तो घोडा असो की बैल, तर त्याला नाव ठेवण्याआधी त्याच्या अंगावर आपण काय लादलंय ते पाहा.