चार इंची कुंडीतलं गाजर

"नवशिक्यांसाठी सगळ्यात सोपं : गाजर!" असं छापून किट विकणाऱ्याला एकदा समोर बसवून विचारायचंय, बाबा रे, तू स्वतः कधी गाजर लावलंयस का?

५ जूनला, म्हणजे पर्यावरण दिनाला, आमच्या ऑफिसात प्रत्येकाच्या डेस्कवर असं एकेक किट आलं. चार इंची कुंडी, कोकोपीटची वडी, रोपं करायचा ट्रे आणि बियांची पुडी. पुडीवर ना जात, ना तारीख. शेतकऱ्याच्या बियाण्याच्या पाकिटावर जात, उगवणक्षमता, चाचणीची तारीख सगळं असतं. आपल्याला मात्र हसऱ्या गाजराचं कार्टून! चालतं, कारण आपण विचारत नाही.

गाजर हे मूळ आहे. (हेही लिहावं लागतंय!) बी रुजलं की सोटमूळ सरळ खाली घुसतं आणि तेच पुढे जाडं होऊन गाजर बनतं. रोप उचलून दुसरीकडे लावलं की मुळाचं टोक दुखावतं आणि मग दोन-तीन पायांची गाजरं निघतात. मिरची-टोमॅटोची रोपं करा, खुशाल. गाजराचं बी जिथे वाढायचं तिथेच पेरतात. म्हणजे तो ट्रे किटमध्ये असणं हाच मुळात बग आहे. आणि नान्तेस जातीचं सहा-सात इंचांचं गाजर चार इंची कुंडीत मावणार कुठे? त्यात मुहूर्त जूनचा. या जातीला रंग आणि गोडी धरायला साधारण १५ ते २० अंशांची हवा लागते. पुण्यात ती कधी असते ते स्वेटर विकणाऱ्यालाही ठाऊक आहे.

किटच्या किमतीचं मला काही नाही. पलीकडच्या क्युबिकलमधली एकजण तीन आठवडे इमानदारीत पाणी घालून शेवटी म्हणाली, "माझ्या हाताला गुणच नाही." कुंडीचा आता पेनस्टँड झालाय. हे डोक्यात जातं! माल सदोष, आणि दोषी कोण, तर वापरणारा. विकणाऱ्यासाठी ही गाजराची पुंगी, वाजली तर वाजली. तुमच्या हातात मोडून खायलाही काही उरत नाही.

"अरे, निदान सुरुवात तर होते ना लोकांची," असं आमच्यातलेच काही म्हणतात. होत नाही राव, तिथेच संपते. सुरुवातच करायची तर मेथी पेरा. चार-पाच दिवसांत उगवते, महिन्याभरात भाजी.

गाजरच हवं असेल तर रंगाची २० लिटरची रिकामी बादली घ्या, स्वच्छ धुवा, तळाला भोकं पाडा. माती भुसभुशीत, खडे चाळून काढलेली. शेणखत पूर्ण कुजलेलं, कारण ताज्या खताने गाजरं फाटे फोडतात आणि नुसता पाला माजतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बी अर्धा सेंटीमीटर खोल पेरा. उगवायला दोन आठवडेही लागतात, तोवर वरची माती वाळू द्यायची नाही. ओलं गोणपाट झाका, पण कोंब दिसताच काढा. रोपं बोटभर झाली की दोन-दोन इंचांवर एक ठेवून बाकीची उपटायची. जिवावर येतं, पण उपटायचीच. आणि उपटलेली दुसऱ्या कुंडीत लावायची नाहीत, कितीही मोह झाला तरी.