थर्माकोलची पेशी की ग्लासातले मूग? शाळेतल्या सायन्स प्रोजेक्टचं नेमकं काय चुकतंय, समजून घ्या

रविवारची रात्र, साडेनऊ वाजलेत. शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवण येते, 'उद्या सायन्स प्रोजेक्ट जमा करायचा आहे.' मग आई मोबाईलवर चित्रं शोधते आणि बाबा स्टेशनरीचं दुकान उघडं आहे का ते बघायला धावतात. तासाभरात थर्माकोलची वनस्पती पेशी तयार होते. केंद्रकाच्या जागी प्लॅस्टिकचा बॉल आणि खाली स्केचपेनने नावं. ज्याचा प्रोजेक्ट आहे ते मूल तोवर झोपलेलं असतं.

आमच्या शाळेतही हेच चालायचं. प्रश्न असा आहे की यातून जीवशास्त्र शिकतं कोण?

आत्ता हा विषय का महत्त्वाचा?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शाळेच्या प्रत्येक टप्प्यावर 'स्वतः करून शिकण्या'वर भर दिलाय. सहावी ते आठवीच्या मुलांसाठी १० दिवस 'दप्तराविना शाळा' हीसुद्धा याच धोरणातली सूचना. त्यानंतर २०२३ मध्ये शालेय शिक्षणाचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला. महाराष्ट्रात २०२५-२६ पासून पहिलीपासून टप्प्याटप्प्याने नवा अभ्यासक्रम सुरू झालाय.

दुसरीकडे, एआयला सांगितलं की कुठल्याही विषयावर दहा पानांचा प्रोजेक्ट दोन मिनिटांत तयार. म्हणजे माहिती शोधून चिकटवणं, यात मुलाने करण्यासारखं आता फारसं उरलेलं नाही.

मॉडेल आणि प्रयोग, फरक काय?

थर्माकोलच्या पेशीचं उत्तर पुस्तकात आधीच छापलेलं असतं. मूल फक्त त्याची नक्कल करतं. प्रयोगात मात्र पुढे काय होणार, हे त्याला माहीत नसतं.

साधं उदाहरण घ्या. दोन ग्लासांत ओला कापूस ठेवा. प्रत्येकात मुगाचे १० दाणे टाका. एक ग्लास खिडकीत आणि दुसरा बंद कपाटात. कापूस दोन्हीकडे सारखाच ओला ठेवायचा. आता मुलाला विचारा, कुठलं रोप जास्त वाढेल?

'झाडाला सूर्यप्रकाश लागतो' हे पाठ असल्याने बहुतेक मुलं 'खिडकीतलं' म्हणतील. आठवडाभराने कपाट उघडलं की धक्का बसतो, कारण अंधारातलं रोप जास्त उंच झालेलं असतं! पण ते पिवळट, बारीक आणि लुळं असतं. अंधारात हरितद्रव्य तयार होत नाही. रोप दाण्यात साठलेल्या अन्नावर जगत प्रकाशाच्या शोधात उंच होत जातं. साठा संपला की कोलमडतं.

'उंच म्हणजे निरोगी' हा समज इथे मोडतो. १० दाणे का घेतले, एकच का नाही? पाणी दोन्हीकडे सारखं का? हे प्रश्नही आपोआप येतात. विज्ञानाची पद्धत म्हणतात ती हीच.

प्रयोगशाळाच नसेल तर?

प्रयोगशाळा हवीच. पण ती नाही म्हणून सगळं थांबत नाही. कढीपत्त्याच्या किंवा लिंबाच्या झाडावर फुलपाखराच्या अळ्या सापडतात. अळीचा कोष आणि कोषाचं फुलपाखरू होताना रोज बघता येतं. शाळेच्या आवारातलं एक झाड निवडून त्याला पालवी, फुलं, फळं कधी येतात याची वर्षभर नोंद ठेवता येते.

सूक्ष्मदर्शकाचंही तसंच. स्टॅनफर्ड विद्यापीठातले मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कागदाची घडी घालून बनणारा 'फोल्डस्कोप' तयार केला. त्याचे सुटे भाग एका डॉलरपेक्षाही कमी किमतीत बनू शकतात. कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी त्यातून दिसतात. खरी पेशी बघितलेल्या मुलाला थर्माकोलची कशाला हवी?

मग अडतं कुठे?

वेळ आणि मार्क, या दोन ठिकाणी. मूग उगवायला आठवडा लागतो, तास मात्र ३५-४० मिनिटांचा. वर्गात पन्नास-साठ मुलं असली तर प्रत्येकाची वही बघणं शिक्षकांसाठी सोपं नाही.

आणि मार्कांचं काय? राज्य मंडळाच्या दहावीत विज्ञानाचे ८० मार्क लेखी, तर २० प्रात्यक्षिकाचे. त्या २० साठीही अनेक ठिकाणी मागच्या वर्षीच्या जर्नलवरून कॉपी होते. 'अपेक्षित' निरीक्षण लिहिलं की काम झालं. प्रयोग फसला असं खरं लिहिणाऱ्या मुलाचंच नुकसान होतं.

हे आधी कुणी करून पाहिलंय का?

हो. मध्य प्रदेशात १९७२ मध्ये १६ शाळांमध्ये 'होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम' सुरू झाला. मुलं गटात प्रयोग करायची, शेतात, ओढ्याकाठी फिरायची, स्वतः निष्कर्ष लिहायची. महत्त्वाचं म्हणजे परीक्षाही बदलली. पुस्तक आणि वही सोबत नेता यायची, प्रयोगाची वेगळी परीक्षा असायची. शिक्षकांना सतत प्रशिक्षण मिळायचं. ग्रामीण सरकारी शाळांत हे ३० वर्षं चाललं. २००२ मध्ये राज्य सरकारने ते बंद केलं.

यातून दोन गोष्टी कळतात. साध्या शाळांतही हे जमतं. पण परीक्षा आणि सरकारची साथ नसेल तर टिकत नाही.

आपण काय करू शकतो?

शिक्षकांनी मॉडेलऐवजी सात दिवसांची निरीक्षणवही मागावी. मार्क बरोबर उत्तराला नाही, तर प्रामाणिक नोंदीला द्यावेत. पालकांनी प्रोजेक्ट स्वतः करू नये. फक्त एवढंच विचारावं, 'तुला काय वाटलं होतं आणि झालं काय?' एक काळजी मात्र घ्या, ब्रेडवर बुरशी वाढवत असाल तर पिशवी बंदच ठेवा, उघडून वास घेऊ नका.

नवा अभ्यासक्रम येईल, पुस्तकं बदलतील. पण जर्नलमध्ये 'माझे १० पैकी ४ दाणे उगवलेच नाहीत' असं लिहिणाऱ्या मुलाचे मार्क कापले जात असतील, तर थर्माकोलची दुकानं रविवारी रात्री उघडीच राहणार.